रामटेके बाईंचा रोवणीचा गेम

रामटेके बाई म्हशीलासुद्धा 'तुम्ही' म्हणायच्या. आरमोरीच्या बाजाराच्या दिवशी शाळेच्या फाटकात एखादी म्हैस आडवी उभी राहिली की आम्ही बाकीचे शिक्षक काठी शोधायला धावायचो. बाई छत्री मिटून तिच्यासमोर जाऊन उभ्या राहायच्या आणि शांतपणे सांगायच्या, "तुमी जरा बाजूले व्हा ना जी. पहिला तास माझा हाये." म्हैस कधी हलायची, कधी नाही. बाईंचा स्वर मात्र तोच राहायचा. शिपाई, मुख्याध्यापक, पहिल्या बाकावरचं पोर आणि म्हैस, सगळ्यांना एकच माप.

त्या नववी-दहावीला गणित शिकवायच्या. उत्तर बरोबर असलं तरी मधली पायरी गाळली की लाल शाईनं समासात एकच शब्द लिहायच्या : 'काऊन?', म्हणजे 'का?' पोरांनी त्यांचं नावच काऊनबाई ठेवलं होतं. कुणाचं कौतुक त्यांनी कधी केलं नाही. फारच खूश झाल्या तर म्हणायच्या, "यात मले चूक दिसत नाई." हे वाक्य ज्याला ऐकायला मिळालं, तो पोरगा आठवडाभर छाती काढून फिरायचा. लग्न त्यांनी केलं नव्हतं. काऊन, असं त्यांना उलट विचारण्याची हिंमत अख्ख्या स्टाफरूममध्ये कुणाची नव्हती.

मी चंद्रपूरचा. दोन हजार तीन-चारच्या सुमारास त्या शाळेत कंत्राटी संगणक शिक्षक म्हणून लागलो होतो. माझ्या खोलीत संगणक चार होते आणि त्यातले चालणारे दोन. एका सोमवारी मधल्या सुट्टीत बाई आत आल्या. डोळे लाल. हातात व्हिडिओ गेमची पिवळी कॅसेट. त्या काळी असल्या कॅसेटी चालवणारे स्वस्त डबे घरोघरी टीव्हीला लावलेले असायचे. नववीतल्या एका पोराच्या दप्तरातून बाईंनी शुक्रवारी ही कॅसेट जप्त केली होती, आणि पोरं कशापायी जेवण सोडतात ते बघावं म्हणून शेजाऱ्यांचा डबा आणून शनिवार-रविवार स्वतःच खेळत बसल्या होत्या.

"सर, यात एक माणूस हातोडी घेऊन पळते. वाटेत बेडकं येतात, त्याहिले मारते. मारलं का गुण भेटते. काऊन?"

"म्हणजे... गेमच आहे तो, बाई."

"बेडूक शेतातले किडे खाते. त्याले मारून गुण काऊन भेटन?"

मी कॅसेट उलटसुलट करून बघितली.

"हा गेम कोनं केला?"

"जपानात कुणीतरी केला असेल."

"मानसानंच ना?"

"हो."

"मंग आपन करू," बाई म्हणाल्या आणि घंटा झाली म्हणून तासाला निघून गेल्या.

मला वाटलं, विसरतील. पण पुढच्या वेळी मी नागपूरला निघालो तर बाई सकाळीच एसटी स्टँडवर हजर. जुन्या डब्यांसाठी घरबसल्या नवे गेम करणारे हौशी लोक जगभर आहेत आणि ते आपली विद्या इंटरनेटवर लिहून ठेवतात, एवढं मीच त्यांना बोलून बसलो होतो. आता ते कागद छापून आणणं मला भाग होतं. सीताबर्डीवरच्या एका सायबर कॅफेतून मी गठ्ठा आणला. त्यातलं निम्मं मला कळलं नाही. बाईंनी तो रहस्यकथेसारखा वाचला.

त्या डब्याच्या भाषेत आकडे दहावर नव्हे, सोळावर मोजतात. नऊनंतर ए, मग बी, असं करत एफपर्यंत. बाईंना हे इतकं आवडलं की त्यांनी व्यवहारातही तेच सुरू केलं. एकदा मी सोबत असताना त्यांनी बाजारात केळेवाल्याला सांगितलं, "बी केळं द्या."

केळेवाला गोंधळला. "बाई, केळात बी नसते ना जी."

"बी म्हंजे अकरा."

"अकरा बिया?"

शेवटी त्यानं डझनभर केळी दिली आणि हात जोडले. बाईंनी एक परत केलं.

बाईंचं घर शाळेमागे, बुद्धविहाराच्या गल्लीत. घरात त्या आणि त्यांची आई, पार्बताबाई. पार्बताबाईंनी उभा जन्म लोकांच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धानाची रोवणी केली होती आणि त्यावर लेकीला बी.एस्सी. केलं होतं. आता गुडघे गेले होते. दिवसभर टीव्हीसमोर खुर्चीत बसून त्या बातम्या देणाऱ्या बाईला नावं ठेवायच्या. गेममध्ये कुणी मरायचं नाही आणि प्रत्येक गोष्टीला कारण हवं, एवढ्या दोन अटी बाईंनी घातल्या होत्या. या अटींत बसणारा एकच उद्योग त्यांना माहीत होता. गेम रोवणीचा ठरला. एक बाई, हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या कोवळ्या रोपांची पेंढी, समोर चिखलाची बांधी. बटण दाबलं की रोप लागतं. रोपांची एक ओळ म्हणजे एक तास. बांधी भरली की पुढची बांधी.

पहिलंच भांडण दिशेवरून झालं. मी पडद्यावर बाई डावीकडून उजवीकडे चालवली. रामटेके बाईंनी बराच वेळ बघितलं.

"हे पुढं काऊन चालून राह्यली?"

"सगळ्या गेममध्ये माणूस पुढेच जातो, बाई."

"पुढं गेली तर लावलेल्या रोपावर पाय पडन ना तिचा! रोवनी मागं सरकत करतात, सर."

जगातला प्रत्येक गेम पुढे धावतो. आमचा मागे सरकू लागला. खेळणाऱ्याला आपण कुठे चाललोय ते दिसायचंच नाही. आपण काय लावून आलो तेवढंच दिसायचं. मागून खेकडा येऊन धुरा, म्हणजे बांधीचा बांध, पोखरायचा आणि बांधीतलं पाणी निघून जायचं. खेकड्याला मारायची सोय नव्हती. धुरा लिंपायचा आणि परत कामाला लागायचं.

चालवून बघण्याचं काम पार्बताबाईंकडे होतं. असा परीक्षक शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

"हे बाई हाये का घडा? कंबरच नाई तिले."

"माय, एवढ्याशा चौकोनात कंबर बसत नाई."

"मंग वाकन कुठून?"

बाईंनी आलेखाचे कागद घेऊन आठ दिवस त्या इवल्याशा बाईची कंबर काढली. ती वाकायला लागल्यावर पार्बताबाई म्हणाल्या, "आता लुगडं भिजून राह्यलं. खोच म्हना तिले." मग पदर खोचण्यासाठी एक वेगळं बटण आलं. त्याचा गेममध्ये काही उपयोग नव्हता. पण तो खोचल्याशिवाय पार्बताबाई बांधीत उतरायच्याच नाहीत.

गेम संगणकावर चालला तरी खरा डब्यात चालायला हवा. त्यासाठी तो एका यंत्रानं चिपमध्ये भरून ती चिप कॅसेटमध्ये बसवावी लागते. मी नागपूरहून आणलेल्या चिपा जुन्या पद्धतीच्या, पाठीवर काचेची चिमुकली खिडकी असलेल्या. चूक झाली की त्या खिडकीतून ऊन दाखवायचं. आतलं लिहिलेलं हळूहळू पुसलं जातं आणि चिप पुन्हा कोरी होते. शहरातले लोक याला खास दिवा वापरतात. आमच्याकडे मे महिना होता. बाईंनी चिपा पत्र्यावर वाळत घातल्या, कुरोड्या आणि सांडग्या मिरच्यांच्या शेजारी, एकाच धोतरावर.

पार्बताबाईंनी एके संध्याकाळी शेजारच्या पोरीकडून सगळं उतरवून घेतलं आणि मिरच्या-कुरोड्यांच्या डब्यात भरून ठेवलं. सगळं म्हणजे सगळं.

त्याच आठवड्यात गल्लीतले रशीदभाई भाच्याच्या शिकवणीचं बोलायला आले. रशीदभाई म्हणजे लग्नाच्या बँडचे मास्टर. क्लॅरनेट वाजवायचे. आपल्या क्लॅरनेटवर वडशाच्या एका वरातीत घोडी नवरदेवाला टाकून एकटीच नाचली होती, हे ते पहिल्या भेटीत प्रत्येकाला सांगत. पार्बताबाईंनी पाहुण्यांसाठी खिचडीसोबत मिरच्या तळल्या. तळलेली सांडगी मिरची आणि तळलेली चिप यांचा रंग साधारण एकच होतो. रशीदभाईंनी ताटातली चिप उचलली आणि समोरच्या दातांनी कडकन चावली.

मी तिथेच होतो. तो आवाज माझ्या अजून कानात आहे.

"या अल्ला! बाई, ये मिरची है के खिळा?" रशीदभाईंनी तोंडावर हात धरला. हात काढला तर समोरच्या दाताचा कोपरा गेलेला.

"बाप्पा, उनात ठेवलं होतं ना," पार्बताबाई म्हणाल्या. "उनात ठेवते ते खाच्यासाठीच ठेवते ना मानूस?"

बाईंनी रशीदभाईंना गूळपाणी दिलं, शंभर वेळा माफी मागितली आणि मग चिप धुऊन-पुसून, वाकलेले पाय सरळ करून माझ्या हातात ठेवली. "सर, पाहा बरं." मी ती भरून डब्यात लावली. चालली. उरलेल्या चिपांपेक्षा चांगली चालली. त्यानंतर गेमची प्रत्येक पक्की प्रत बाई त्याच चिपेत भरायच्या.

पण रशीदभाईंचं नुकसान खरं होतं. क्लॅरनेटचं टोक समोरच्या दातांत धरावं लागतं. दाताचा कोपरा गेल्यामुळे सुरातून बारीक शिट्टी यायला लागली. ऐन लग्नसराईत पुतण्यानं मास्टरची जागा घेतली आणि रशीदभाईंना झांजा दिल्या. झांजा! ते रोज संध्याकाळी बाईंच्या ओसरीवर येऊन बसू लागले. भांडायचे नाहीत. नुसते बसायचे आणि अधूनमधून म्हणायचे, "मेरा तो धंदाच तोंडाचा है ना, बाई."

बाईंनी चार दिवस ऐकलं. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "रशीदभाऊ, आमच्या गेमले संगीत पायजे. तुमी मास्टर व्हा."

रशीदभाईंनी बँडवाले किती, असं विचारलं. मी समजावलं : या डब्यात एका वेळी तीनच सूर वाजतात. दोन बारीक आवाजाचे, एक जाडा. आणि चौथा नुसता फुस्स करतो, ढोलकी-झांजेसारखा.

"तीन वाजवणारे और एक नुसता फुस्स करनेवाला?" रशीदभाई विचारात पडले. "मेरे बँडमध्येबी असंच है." आणि त्यांनी त्या चार आवाजांना आपल्या माणसांची नावं देऊन टाकली. जाड्या आवाजाला ते गफूर म्हणायचे. गफूर एकदा बेसूर झाला तर त्यांनी संगणकालाच दम दिला, "खाके आया नही क्या?"

पहिल्या दिवशी ते माझ्या संगणकाच्या खोलीत बँडचा लाल कोट, सोनेरी झालर आणि टोपी घालून आले. रेकॉर्डिंग आहे म्हणाले. रेकॉर्डिंग वगैरे काही नव्हतं. बाई आकडे भरणार होत्या आणि डबा पिंपिं करणार होता. तरी त्या दमट खोलीत चार तास कोटाचं एक बटण त्यांनी काढलं नाही.

गाणं पार्बताबाईंचं होतं. रोवणीच्या बाया बांधीत म्हणतात तसलं, लांबत जाणारं. त्या खुर्चीत बसून गायच्या, रशीदभाई शिट्टीवाल्या क्लॅरनेटवर उचलायचे, बाई सोळाच्या हिशेबात लिहायच्या. महिनाभरानं गाणं तयार झालं. डब्यातून ते वाजायला लागलं तेव्हा मी हातातलं काम ठेवून ऐकू लागलो. खेळण्यातल्या भोंग्याचा आवाज, पण चाल तीच, ओल्या मातीतली. रशीदभाईंनी डोळे मिटले होते.

पार्बताबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "हे दम घेत नाई."

"काय माय?"

"गानारीन दम घेत नाई ना मधी. अशी गाईन तं मरन ते."

बाईंनी पुन्हा आठ दिवस बसून गाण्याच्या प्रत्येक ओळीनंतर दमाची जागा केली. एवढीशी शांतता. पण काहीतरी गफलत झाली आणि गाणं दमाला थांबलं की पडद्यावरची बाईपण थांबायला लागली. वाकलेली, हात चिखलात, तशीच. बटण दाबा, नाही तर आपटा. मी शोधून काढलं : गाणं आणि हालचाल दोन्ही एकाच घड्याळावर बांधली गेली होती. म्हटलं, दुरुस्त करतो.

"थांबा," पार्बताबाई म्हणाल्या. पुन्हा एकदा चालवून बघितलं. गाणं थांबलं, बाई थांबली. गाणं सुरू, हात सुरू. "बराबर हाये. गान्यासंगच हात चालते. गानं थांबलं का हात थांबते. कोनी सांगतलं तुमाले हे?"

कुणीच सांगितलं नव्हतं. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "राहू द्या, सर. यात मले चूक दिसत नाई."

तोवर शाळेत वेगळंच पेटलं होतं. एका पालकानं मुख्याध्यापकांकडे तक्रार केली होती की बाई पोरांच्या कॅसेटी जप्त करतात आणि घरी नेऊन स्वतः खेळतात. तक्रार खोटी म्हणता येत नव्हती. शिवाय त्या पिवळ्या कॅसेटचं कवच फोडून बाईंनी त्यात आपली चिप बसवली होती. पोराला त्यांनी नागपूरहून नवी कॅसेट मागवून दिली, पण गावात बातमी फिरली ती निराळी : बाई डोक्यानं गेल्या, म्हातारीसोबत दिवसभर गेम खेळतात. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं. भला माणूस, पण भित्रा. म्हणाले, "बाई, गणित सोडून हे कशाला? संस्था माझ्याकडे खुलासा मागते."

"स्नेहसंमेलनात दाखवतो ना जी," बाई म्हणाल्या. "बेकार वाटलं तर माझे वर्ग काढून घ्या."

नववी-दहावीचे वर्ग हे बाईंचं आयुष्य होतं. मी त्यांना बाहेर गाठून म्हटलं, असं कशाला बोललात? त्या छत्री उघडत म्हणाल्या, "लोकाहिनं पाह्यलंच नाई अजून. मंग बेकार कसं म्हनतीन?" पण उघडलेली छत्री पुन्हा मिटून त्या तशाच उन्हात चालू लागल्या.

संमेलन दुपारी होतं. रंगमंचावर शाळेचा मोठा टीव्ही, समोर खुर्चीत पार्बताबाई, हातात गेमच्या बटणांचा रिमोट. बाजूला कोट-टोपीत रशीदभाई. पडद्यावर पहिलंच चित्र उमटलं ते 'संगीत : मास्टर रशीदभाई', आणि त्याखाली बारीक अक्षरात गेमचं नाव. तुटलेल्या दाताच्या बदल्यात तोच सौदा ठरला होता. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग गेम सुरू झाला आणि शिट्ट्या हळूहळू बंद पडल्या, कारण काहीच होत नव्हतं. एक बाई वाकून रोपं लावत मागे सरकत होती. पहिल्या रांगेत संस्थेचे लोक घड्याळं बघू लागले. तक्रारवाले पालक हसून शेजाऱ्याच्या कानात काहीतरी बोलले.

मंडपाच्या मागच्या भागात रोवणीच्या टोळ्यांतल्या बाया बसल्या होत्या. पार्बताबाई टीव्हीत रोवणार, एवढं ऐकून आल्या होत्या. त्यांतली एक ओरडली, "काकू, तास वाकडा जाऊन राह्यला!" पार्बताबाई मान न वळवता म्हणाल्या, "तुहा पाह्य!" हशा झाला. कुणीतरी गाणं ओळखलं. एकीनं धरलं, दुसरीनं उचललं, आणि पाहता पाहता मागचा सगळा मंडप त्या डब्याच्या पिंपिंसोबत गाऊ लागला. ओळ संपली की डबा थांबे, पडद्यावरची बाई थांबे, आणि मंडपातल्या सगळ्या बाया एकदम दम घेत. तो श्वास ऐकू यायचा.

शेवटच्या बांधीतला शेवटचा तास उरला होता आणि लाइट गेली.

भारनियमनाचे दिवस. टीव्ही काळा पडला. बाई टीव्हीशेजारी उभ्या होत्या. त्यांचा हात त्याच्या डोक्यावर तसाच राहिला. मी तारा तपासायला धावलो, उगीचच. पण बायांचं गाणं काही विजेवर चालत नव्हतं. ते चालूच राहिलं. रशीदभाईंनी क्लॅरनेट तोंडाला लावलं, अन् तुटक्या दातातून ती बारीक शिट्टी सुरासोबत मंडपभर गेली. आणि काळ्या टीव्हीसमोर बसून पार्बताबाई बटण दाबतच होत्या. गाण्याबरोबर, एकेक रोप. दमाला थांबायच्या, पुन्हा दाबायच्या. मुख्याध्यापक माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सर, कार्यक्रम संपला का चालू आहे?"

बऱ्याच वेळानं पार्बताबाईंनी रिमोट मांडीवर ठेवला. "झाला," म्हणाल्या.

बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "माय, काई चूक?"

"पानी कमी हाये तुह्या बांधीत."

बाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसायला लागल्या. चष्मा स्वच्छ झाला, तरी पुसतच राहिल्या.

लाइट आली तेव्हा पडद्यावर पुन्हा पहिलंच चित्र होतं, रशीदभाईंच्या नावाचं. शेवटचा तास लागला की नाही, यावर पहिल्या रांगेत वाद झाला. तक्रारवाले पालक म्हणाले, लागला नाही, लाइट नव्हती. मागून एक बाई उभी राहून म्हणाली, "आमी पाह्यलं ना जी लागताना!" मुख्याध्यापकांनी खुलाशात लिहिलं की गेम पूर्ण दिसला नाही, परंतु कार्यक्रम चांगला झाला. बाईंचे वर्ग बाईंकडेच राहिले. रशीदभाईंनी पुढच्या उन्हाळ्यात दात बसवला. पण शिट्टीची लोकांना इतकी सवय झाली होती की नवा सूर कुणाला आवडेना. त्यांनी तो दात काढून टाकला.

पुढे मला चंद्रपूरला पक्की नोकरी लागली. पार्बताबाई गेल्याचं कळलं तेव्हा जाऊन आलो. रिमोट त्यांच्या उशाशी होता. नंतर बाई निवृत्त झाल्या. अधूनमधून फोन व्हायचा, मग तोही कमी झाला.

त्यांना शेवटचं पाहिलं ते वैनगंगेच्या पुलावरून. मी बसनं आरमोरीकडे येत होतो. पुलावर पुढे ट्रक बंद पडला होता म्हणून बस थांबली. खाली पाण्यात, काठापासून बऱ्यापैकी आत, ट्रॅक्टरची काळी ट्यूब तरंगत होती आणि ट्यूबमध्ये कुणीतरी पोहायला शिकत हातपाय मारत होतं. काठावर दोन-तीन पोरी टाळ्या पिटत ओरडत होत्या, "बाई, पाय! पाय हलवा ना!" मी खिडकीतून वाकलो. चष्मा दोरीनं डोक्याला बांधलेला, केस सगळे पांढरे. मी जोरात हाक मारली. त्यांनी वर बघितलं. ओळखलं की नाही, माहीत नाही. पण त्यांनी जरा विचार केला आणि एक हात पाण्याबाहेर काढून वर केला. त्यासरशी ट्यूब गरकन फिरली आणि त्यांची पाठ माझ्याकडे झाली. त्या परत वळायची खटपट करत होत्या, तेवढ्यात बस सुटली.